आतल्या खोलीतली मशीन

मशीन आमच्या घरी आली ती माझ्यासाठी. एवढं एक वाक्य लिहायला मला पाच महिने लागले. कामरगावात अनेकांना ती माझ्या बहिणीसाठी आणली होती असं वाटत होतं, आणि तसं वाटू देण्यात माझा हात होता. म्हणून जे जसं झालं तसं लिहून ठेवतो.

गेल्या श्रावणात माळ्यावरून पुस्तकांचं खोकं काढताना मी स्टुलावरून पडलो. सूज उतरली, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की खांद्यातला स्नायू हाडापासून सुटला आहे, टाके घालून परत बसवावा लागेल. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तीन बारीक छेद, सहा आठवडे हात झोळीत, आणि त्यानंतर काही महिने व्यायाम. या वयात भरून यायला वेळ लागतो, घाई करू नका, असं डॉक्टर म्हणाले.

माझा मुलगा पुण्याला असतो. तो ऑपरेशनला आला आणि चार दिवस राहून परत गेला. जाताना त्याच्या मनाला लागून राहिलं असावं की आपण बापाला टाकून चाललो. पंधरा दिवसांनी त्यानं एक मशीन भाड्यानं घेऊन पाठवली. हायड्रोजन वायूची. हा वायू नाकानं ओढला की सूज कमी होते, शिवलेला स्नायू लवकर धरतो, असं त्यानं कुठंसं वाचलं होतं. मी अमरावतीला फोन केला. डॉक्टर म्हणाले, "फायदा होतोच असं मी सांगणार नाही. मुलानं पाठवलीच आहे तर घ्या. पण व्यायाम चुकवू नका."

एखाद्या लहान सुटकेसएवढी पांढरी पेटी होती ती. मागून डिस्टिल्ड पाणी भरायचं, बटण दाबायचं. वीज आत पाण्याची फोड करते आणि हायड्रोजन एका बारीक नळीतून नाकाशी येतो. समोरच्या छोट्या बाटलीत बुडबुडे दिसतात, तेवढीच काय ती खूण. वास नाही, चव नाही. सकाळी एक तास, दुपारी एक तास. मी सोबतची पुस्तिका दोनदा वाचली. जवळ दिवा, उदबत्ती, विस्तव चालणार नाही असं तिच्यात होतं. आमचे देव आतल्या खोलीत. मी बहिणीला देव ओसरीवर हलवायला लावले.

मी तिला बाई म्हणत असे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. किन्हीराजा या गावी दिली होती. नवरा गेला तेव्हा दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन माहेरी परत आली, ती इथलीच झाली. गावची लेक म्हणून सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. मी अमरावतीला शिकत होतो त्या वर्षांत ती लोकांच्या शेतात निंदायला आणि कापूस वेचायला जायची. मी शिकलो, हायस्कुलात मास्तर झालो. तिची मुलगी रिठदला दिली. सहा वर्षांपूर्वी माझी बायको गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच.

ऑपरेशननंतर ती माझा उजवा हात झाली. सदऱ्याची बटणं लावायची, भाकरी कुस्करून द्यायची, झोळीचा पट्टा मानेला काचला तर त्याखाली जुन्या लुगड्याची घडी घालायची. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम सुरू झाला, तेव्हा रोज बोटं कुठवर पोचली तिथं ती कोळशाची रेघ मारून ठेवायची. मशीन आली त्या दिवशी मी तिला पाण्यात दोन वायू कसे असतात ते समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे पानी हुंगाचं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, तसंच समज.

"आन पेलं तं नाही चालत?"

मी हसलो. ती गंभीर चेहरा करून चहा ठेवायला गेली. तिची थट्टा अशीच असायची, मागं वळून न बघता केलेली.

नळी नाकाला लावून मी पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा मात्र दचकलो. कोरोनाच्या काळात आमच्या गल्लीतून दोन माणसं नाकात नळी घालून गेली होती, आणि परत आली नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे कुणाला नळी लागली असं ऐकलं की लोक मनातल्या मनात लाकडं मोजू लागतात. मग भेटायला येतात. नारळपाणी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन येतात, खाटेशी बसतात, पायांना हात लावतात. मला ते नको होतं. खरं सांगायचं तर मला मरणारा म्हणून कुणी बघितलेलं नको होतं. मी बाईला सांगितलं, मशीन चालू असली की आतल्या खोलीचं दार लोटून घेत जा, आणि माझ्या नाकाला नळी असते हे कुणाजवळ बोलू नको.

ती बरं म्हणाली.

पण मशीनला घरघर होती. समोरच्या घरची सून तुरीची डाळ निवडायला आमच्या ओसरीवर येऊन बसायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं विचारलंच. मी आत नळी लावून पुस्तक वाचत होतो. मधे फक्त लोटलेलं दार होतं.

"आत्या, आतमंधी कायचा आवाज येऊन राह्यला वं?"

"माही मशीन हाये," बाई म्हणाली. "दम लागते मले. तं लेकरानं पाठवली पुन्यावरून."

"ऑक्सिजनची?"

"तेच असन. मले का समजते?"

मी आत हसू दाबत होतो. खांदा दुखेपर्यंत हसलो. जिनं उभ्या जन्मात शेजारणीला वाटीभर साखर घरात असताना नाही म्हणून सांगितलं नाही, तिनं इतकं तयार उत्तर द्यावं याची मला गंमत वाटली. सून गेल्यावर मी बाहेर आलो आणि तिला शाबासकी दिली.

"मंग?" ती म्हणाली. "तुले लागली म्हनलं असतं तं सांज होऊस्तर अर्धं गाव ओसरीवर आलं असतं. मले लागली म्हनलं तं कोन येते?"

तेही मला गमतीचंच वाटलं. खोटं तिला इतकं सहज सुचलं, कारण त्यातलं अर्धं खरं होतं. दम तिला लागत होता. हे मला त्या वेळी कळायला हवं होतं. मी ते विचारलं नाही.

मग ते खोटं वाढत गेलं. रक्तदाब बघायला आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. बाईचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, दाब जास्त आहे, पायांवर सूज आहे, धाप लागते का? बाईनं मशीनचं सांगितलं. आशाताई म्हणाल्या, मग ठीक आहे, म्हणजे डॉक्टरचं चालू आहे ना? बाई क्षणभर थांबली आणि हो म्हणाली. हेही मी दाराआडून ऐकलं. त्या क्षणी माझं लक्ष कशावर होतं ते मला नीट आठवतं. आशाताई दार ढकलून आत तर येणार नाहीत ना, यावर.

आता मागं पाहतो तेव्हा दिसत नव्हतं असं काहीच नव्हतं. बाजारातून येताना ती दोन ठिकाणी बसायची. आधी पीठगिरणीच्या ओट्यावर, मग देवळाच्या पायरीवर. तिच्या चपला तिला होईनात, म्हणून माझ्या घालू लागली. ओसरीवर अंथरूण टाकायची, पण आडवी होत नसे. भिंतीला टेकून बसूनच झोपायची. मी समजलो की मला काही लागलं तर चटकन उठता यावं म्हणून ती तशी बसते. मला ते बरंही वाटलं. आपली काळजी कुणी इतकी करतं, याचं बरं वाटलं.

दसऱ्याच्या सुमारास डिस्टिल्ड पाणी संपलं. ते बॅटरीच्या दुकानात मिळायचं, आणि दुकानदार तीन दिवस गावाला गेला होता. मी जरा चिडचिड केली असेन. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई परसातल्या चुलीशी बसलेली दिसली. भगुण्यात पाणी उकळत होतं, आत मधोमध वाटी, वर उलटं झाकण, आणि झाकणाच्या खोलगट भागात ती सारखं गार पाणी बदलत होती. वाफ झाकणाला लागून थेंबाथेंबानं वाटीत पडत होती. किन्हीराजाला असताना शेजारी मोहाची दारू पाडायचे, ते बघून तिला हे ठाऊक होतं. लाकडं ओली होती, धूर होता. दोन तासांनी ती पेलाभर पाणी घेऊन आली. दाराची चौकट धरून उभी राहिली, कारण बोलायला दम नव्हता. पेला नुसता पुढं केला.

मी पेला उजेडात धरला. त्यात काजळीचे दोन कण होते. मी सांगितलं की पुस्तिकेत लिहिलंय तसं हे शुद्ध नाही, यानं मशीन बिघडेल. पाणी मी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं.

"बरं," ती म्हणाली.

हे लिहिताना मला थांबावं लागलं. त्या दिवशी मला काहीही वाटलं नव्हतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ती आतल्या खोलीत आली. सकाळची वेळ होती, मी नळी लावून बसलो होतो. ती माझ्या खाटेवर बसली. एरवी ती कधी माझ्या खाटेवर बसत नसे, खाली बसायची. थोडा वेळ बुडबुड्यांकडे बघत राहिली.

"मले लावू दे न थे. पाचच मिनिटं."

मी विचारलं, कशाला?

"असंच." ती हसली. "माही मशीन हाये म्हनून सांगत राहतो मी सगळ्यायले. एखांद्या डाव लावली तं पायजे."

मी पुस्तक मिटलं. घरात आम्ही आमच्याच बोलीत बोलायचो, पण काही समजावून सांगायचं असलं की माझ्या तोंडी वर्गातली भाषा येते. तशी ती आली. मी म्हणालो, "बाई, हा ऑक्सिजन नाही. हा हायड्रोजन आहे. याने दम कमी होत नाही. हा फक्त माझ्या खांद्यासाठी आहे. तुला याचा काही उपयोग नाही."

ती सगळं ऐकत होती. मी बोलत असलो की ती नेहमीच ऐकायची. शिकलेला भाऊ बोलतो याचं तिला कौतुक होतं.

"मंग राहू दे," ती म्हणाली. "मले वाटलं, हवा असन."

एक हात गुडघ्यावर आणि एक भिंतीला लावून ती उठली. मी पुस्तक उघडलं.

मी तिला एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. त्या वायूनं तिला खरंच काही झालं नसतं. पाच मिनिटं नळी लावू दिली असती तरी ती वाचली नसती, हे मला समजतं. पण साठ वर्षांत जिनं माझ्याजवळ काही मागितलं नाही, ती माझ्याकडे हवा मागत होती, आणि मी तिला कुठला वायू कशाला चालतो ते सांगत बसलो. तुला हवा का हवी, एवढं विचारलं असतं तर पुरे होतं.

दिवाळी झाली. माझी झोळी सुटली होती, हात भिंतीवर बऱ्यापैकी वर जात होता. कोळशाच्या रेघा माझ्या कपाळाच्या वर गेल्या होत्या. एका सकाळी बाई नळाशी भांडी घेऊन बसली आणि उठलीच नाही. ओठ काळसर पडले होते. समोरची सून धावत आली, तिच्या नवऱ्यानं जीप बोलावली, आणि आम्ही कारंज्याला गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदय फार कमजोर झालं आहे, फुप्फुसात पाणी भरलंय, आणि हे आजचं नाही, काही महिन्यांचं आहे. मग माझ्याकडे बघून विचारलं, इतके दिवस काय करत होता?

मी बोलण्याआधी समोरची सून बोलली. "घरी मशीन होती जी ऑक्सिजनची. सरनं काहीच कमी नाही केलं."

डॉक्टर मला म्हणाले, "किती लिटरवर ठेवत होता?"

मी म्हणालो, "मुलाला विचारून सांगतो."

हेच म्हणालो मी. बाई शेजारीच खाटेवर होती, तोंडाला मास्क होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला खरा ऑक्सिजन मिळत होता. तिनं माझं बोलणं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तिचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

गावात आणल्यावर लोकांनी मला तिरडीला हात लावू दिला नाही. सर, तुमी राहू द्या, तुमचा खांदा आत्ताच झाला, असं म्हणून दोघं पुढं झाले. जड उचलू नका असं डॉक्टर सांगत होते हे खरं, पण चार पावलं तरी मला डाव्या खांद्यावर घेता आलं असतं. मी मागं झालो. माहेरचं लुगडं मीच आणलं होतं. ते तिच्या अंगावर घातलं तेव्हा मागं कुणीतरी म्हणालं, भाऊ असावा तं असा. मशीन आनून देल्ली बहिनीले घरी.

पुढचे तेरा दिवस मी हे ऐकत राहिलो. ओसरीवर भेटायला येणारा प्रत्येक जण कुठून ना कुठून मशीनवर यायचा. सख्ख्या पोरानं केलं नसतं, एका म्हाताऱ्यानं म्हटलं. मी मान खाली घालून बसत असे, आणि लोक ते दुःख समजत. तेवढे दिवस मला त्या बोलण्याचा आधार वाटला, हेही इथं लिहिलं पाहिजे. बाई गेल्याचं दुःख होतंच, पण त्यातही कुणी माझं नाव चांगलं घेतलं की आत कुठंतरी निवत होतं.

एक माणूस यात काही बोलत नव्हतं. बाईची मुलगी, माझी भाची. ती रिठदहून आली होती, तेरवीपर्यंत राहणार होती. लोक मशीनचं काढायचे तेव्हा ती आत निघून जायची किंवा चहाचे कप उचलू लागायची. आई गेलेली पोर, असं मी समजत होतो.

तेरवीच्या पंगतीत समोरच्या घरचा मुलगा, त्या सुनेचा नवरा, माझ्याजवळ येऊन बसला. त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, त्यांना बरेच दिवसांपासून धाप लागत होती. थंडीत वाढली होती. तो म्हणाला की कापूस वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, आबांना कारंज्याला नेणं पंधरा दिवस तरी होणार नाही.

"तं म्हनलं सर, आत्याची मशीन पडूनच असन न आता. तोवर आबाले लावतो."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हणालो, "परत गेली ती. भाड्याची होती."

मशीन आतल्या खोलीत गोधडीखाली होती. भाची भाताचं ताट घेऊन आमच्या पुढ्यात उभी होती. तिनं त्याला भात वाढला. मला वाढला नाही, पुढं गेली.

दुपारी पाहुणे पांगले. भाची धुवायचे कपडे गोळा करत आतल्या खोलीत गेली, आणि मी ओसरीवरून तिला गोधडी ओढताना पाहिलं. मी उठून दारात गेलो. ती मशीनकडे बघत उभी होती.

"मामा, हे कोनाची हाये?"

मी म्हणालो, "माझी." आणि मग उरलेलं सांगितलं. खांद्याचं, नळीचं, दार लोटून घ्यायचं, शेजारणीला दिलेलं उत्तर. पेल्यातल्या पाण्याचं सांगितलं. तिनं मागितली होती आणि मी दिली नाही, तेही सांगितलं. भाची खाली बसली होती. मी उभा होतो. रडायला येत होतं, पण तिच्यासमोर रडण्याचा हक्क मला आहे असं वाटेना.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "मायनं फोनवर सांगतलं होतं. मामाची हाये म्हने, पन कोनाजवळ बोलू नको, त्याले लोकायनं पाह्यलेलं जमत नाही. मी म्हनलं, मंग तुह्या दम्याचं काय? तं म्हने, त्याचा हात एकडाव मोकळा होऊ दे, मंग जातो मी दवाखान्यात."

मी तिला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस? विचारता विचारताच मला कळलं की मी माझा दोष तिच्याकडे सरकवतो आहे.

ती रागावली नाही. "मले वाटलं, तुमाले दिसत असन," ती म्हणाली. "एकाच घरात राहत होते न तुमी."

गोधडीची घडी घालून तिनं ती मांडीवर ठेवली. बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिली.

"तेरा दिवस वाट पाह्यली मी. का मामा आता बोलीन, मंग बोलीन. थ्या डॉक्टरजवळ नाही, लोकायजवळ नाही. जाऊ द्या. पन समोरच्या आबाले काय सांगतलं तुमी?"

"परत गेली म्हणून."

"मंग थे आता अशीच दुसरी मांगवतीन. पुन्यावरून नाही तं अकोल्यावरून. आन घरी लावून बसतीन." ती उठली. "मायचं झालं थे झालं. आबा जिते हायेत."

ती माझ्यासोबत आली नाही. मी एकटाच गल्ली ओलांडून समोर गेलो. पंधरा पावलांची गल्ली. आबा ओसरीवर खाटेवर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. बाईही शेवटी अशीच बसायची. मुलगा बैलांना कुटार टाकत होता, सून चुलीशी होती. मी दोघांना बोलावलं. मी म्हणालो की ती मशीन आत्यासाठी नव्हती, माझ्या खांद्यासाठी होती. ती ऑक्सिजनची नाही, तिनं दम कमी होत नाही. आत्यानं ती एकदाही लावली नाही. तिनं मागितली तेव्हा मी लावू दिली नाही. तशी दुसरी कुठूनही मागवू नका. आबांना आजच कारंज्याला न्या.

मुलगा खाली बघत राहिला. सून चुलीशी उभी होती, हातात फुंकणी. तिनंच विचारलं.

"मंग आत्या काहून म्हने, माही हाये म्हनून?"

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "माझं नाव घेऊ नको म्हणून."

पुढचं ती हळू आवाजात बोलली, माझ्याकडे न बघता. "पाच डाव इचारलं मी तिले. चाल वं आत्या, मी येतो तुह्यासंगं दवाखान्यात. पाचई डाव म्हने, मशीन हाये न मले."

हे मला ठाऊक नव्हतं. मी दाराआडून फक्त पहिल्या दिवशीचं, आवाजाबद्दलचं विचारणं ऐकलं होतं.

मुलगा बस स्टँडकडे गेला आणि जीप घेऊन आला. आबांना औषधं लागू पडली. आता ते सकाळी देवळापर्यंत जाऊन येतात, वाटेत मी दिसलो तर रामराम करतात. मशीन माझ्या मुलानं परत नेली. गल्लीत आता तिचं नाव निघत नाही, आणि माझंही पूर्वीसारखं निघत नाही. भाची दुसऱ्या दिवशी रिठदला गेली. फोन करते, खांद्याची चौकशी करते, मामा म्हणते.

पण त्या दुपारचं राहिलं. आबांना दोघांनी धरून जीपमध्ये चढवलं. सून त्यांच्या शेजारी बसली, त्यांचं डोकं तिनं खांद्यावर घेतलं. मुलगा पुढं बसला. मागच्या बाकावर एक जागा रिकामी होती. मला कुणी बसा म्हटलं नाही, आणि मी येतो म्हटलं नाही. जीप गेल्यावरही मी थोडा वेळ रस्त्यातच उभा होतो. मग घरी आलो, आणि ओसरीवर बाई जिथं भिंतीला टेकून झोपायची तिथं तसाच टेकून बसून पाहिलं.